अकरावा नंबर आधी

हिंगोलीत मी वेबसाईटी बनवायचो असं सांगितलं की पुण्याकडची माणसं आधी हसतात आणि मग हिंगोली नेमकी कुठं आली ते विचारतात. हसू द्या. आमच्याकडं तरी कोण कमी हसत होतं. नव्वदच्या दशकात एस.टी. डेपोसमोर माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. पोरं कचेरीतल्या नोकरीची स्वप्नं बघत टाईपरायटर बडवायची आणि सगळं गाव मला मास्तर म्हणायचं. मग हिंगोलीचा जिल्हा झाला. साहेब लोक आले, साहेबांमागं कॉम्प्युटर आले, आणि माझे टाईपरायटर भंगारात गेले. मास्तर तेवढा जागेवर राहिला. मी पुस्तकं आणून, चुकतमाकत वेबसाईट बनवायला शिकलो आणि पाटीवर एक ओळ वाढवली.

ती ओळ वाचून जी माणसं दुकानात आली, त्यांच्यावर एक वेगळं पुस्तक होईल, पण ते छापणाऱ्याला हिंगोलीत राहता येणार नाही. मोंढ्यातले एक हळदीचे व्यापारी आले. साईट किती लोकांनी बघितली हे दाखवणारा आकडा तेव्हा पानाच्या तळाशी लावायची पद्धत होती. तो आकडा त्यांना पन्नास हजारापासून सुरू करून पाहिजे होता. मी म्हणालो, शेठ, साईट अजून सुरूच झाली नाही. ते म्हणाले, गल्ला रिकामा ठेवून कुणी दुकान उघडतं का, मास्तर. पन्नास हजार लावून दिले. दुसऱ्या एका मंगल कार्यालयवाल्यांनी पान उघडताक्षणी सनई वाजली पाहिजे म्हणून हट्ट धरला. आमच्या फोनलाईनवर ती सनई उतरायला एवढा वेळ घ्यायची की तोवर लग्न लागून पंगती उठल्या असत्या. त्यांनी दोष मलाच दिला. सनई नीट वाजवली नाही म्हणाले.

असो. ज्यांच्यामुळं मी हे लिहायला बसलो ते गिऱ्हाईक म्हणजे भाऊसाहेब. त्यांचं खरं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि त्यांना स्वतःला कळलं तर आनंदच होईल, कारण छापून आलेली कुठलीही गोष्ट त्यांना आवडते. भाऊसाहेबांची शिक्षणसंस्था होती. एका वर्षी त्यांनी खेड्यापाड्यातल्या सातवीच्या लेकरांसाठी सामान्य ज्ञानाची स्पर्धा घेतली. पहिल्या नंबरला नवी सायकल, मधल्यांना स्टीलचे डबे, शेवटच्याला कंपासपेटी. निकाल संस्थेच्या नव्या वेबसाईटवर लागणार, आणि ती साईट बनवणार मी.

आता आपल्याकडं बक्षीस समारंभात शेवटचा नंबर आधी पुकारतात आणि पहिला सगळ्यात शेवटी. उत्सुकता टिकते म्हणून, असं सांगायला असतं. खरं कारण वेगळं आहे. पहिला नंबर आधी देऊन टाकला तर त्याच्या गावची माणसं उठून एस.टी. गाठतात, आणि अध्यक्षीय भाषण ऐकायला मंडपवाला तेवढा उरतो, तोही सतरंज्या गोळा करायच्या आहेत म्हणून. भाऊसाहेबांना साईटवरची यादीसुद्धा तशीच पाहिजे होती. वर दहावा, मग नववा, असं उतरत उतरत तळाशी पहिला. मी विचारलं, इथं कुणाची एस.टी. चुकायची आहे, इथं काहून? ते म्हणाले, "खाली माझा फोटो हाय ना, मास्तर. लोक तिथवर आले पाहिजेत."

हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. वेबपानावर यादी केली की ब्राऊझर, म्हणजे इंटरनेटचं पान उघडून दाखवणारा प्रोग्राम, तिला आपणहून नंबर घालतो: एक, दोन, तीन. उलटं मोजायला त्याला तेव्हा येत नव्हतं. एक उपाय म्हणजे आकडे हातानं लिहायचे. पण हातानं लिहिले आणि नावं कमीजास्त झाली की सगळे आकडे परत खोडा. भाऊसाहेबांच्या दरबारात नावं कमीजास्त होणार हे मला निकालाआधीच माहीत होतं. म्हणून मी पानाची सजावट सांगणाऱ्या भाषेतली, सीएसएसमधली, एक युक्ती वापरली. तिला काउंटर म्हणतात. ब्राऊझरला बजावायचं की बाबा, मनात अकरा धर आणि प्रत्येक नाव आलं की एक वजा करून तो आकडा नावाच्या आधी रंगव. पहिल्या नावाला दहा, पुढच्याला नऊ, आणि शेवटच्याला बरोबर एक. आकडे यादीत कुठंच लिहिलेले नसतात. नावं खरी, नंबर नुसता रंगवलेला. तेही देवनागरी आकड्यात. काम झाल्यावर मी खुर्ची मागं सरकवून स्वतःवरच खूष झालो. हिंगोलीत ते कौतुक करणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि नावं वाढलीच. पेपर तपासले बाहेरून बोलावलेल्या शिक्षकांनी, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे तपासले ही मोठीच पंचाईत झाली. भाऊसाहेबांचा पुतण्या यशराज अकरावा आला. बक्षिसं दहा. लगेच निरोप आला की बक्षिसं अकरा केलीत, यादी वाढवा. मी एक नाव वर चढवलं, अकराच्या जागी बारा केलं, सगळे नंबर आपोआप सरकले. दुसरा निरोप आला की गुण दाखवू नका, लेकरांच्या मनावर परिणाम होतो. कुणाच्या लेकराच्या मनावर, ते मी विचारलं नाही.

पहिली आली होती सुनीता रामधन राठोड. साखरा गावाच्या अलीकडच्या तांड्यावरची. निकाल इंटरनेटवर लागलाय असं शाळेत कळल्यावर रामधन तिला घेऊन माझ्या दुकानात आला. मी पान उघडलं. वरचं नाव यशराजचं. रामधनला वाचता येत नव्हतं, सुनीता एकेक नाव हळू वाचत होती, आणि मी पान खाली सरकवत होतो तसा त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाला, मास्तर, तुमी खालीखालीच जाऊन राहिले, हिचं नाव न्हाई का त्याच्यात? तेवढ्यात तळाचं नाव आलं, ते सुनीताचं. मीच वाचून दाखवलं. रामधननं पडद्याच्या काचेवर बोट टेकवून तो एकचा आकडा बघितला.

मग त्यानं सायकलीचं विचारलं. सायकल नक्की मिळते का, का नुसतं म्हणतेत? तांड्यावरची शाळा सातवीपर्यंत. आठवीला पाच किलोमीटरवर साखऱ्याला जायचं, आणि शाळेच्या वेळेला तिकडं गाडी नाही. दिवाळीनंतर घरचे सगळे ऊसतोडीला जातात. सायकल मिळाली तर पोरगी आजीपाशी राहून शाळा करील, नाही मिळाली तर आमच्यासंगं येईल, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. सांगताना आवाज अगदी साधा. मी छाती ठोकून सांगितलं की सायकल तुमचीच, इंटरनेटवर आलंय.

आता संस्थेच्या ऑफिसात काय चाललं होतं ते सांगतो. हेडक्लार्क गजाननराव हे संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमाचे निवेदकही होते. आवाज चांगला आणि चारोळ्या स्वतःच्या, त्यामुळं हिशोब बरोबर व्हायचा. त्या काळी आमच्याकडं दोन ब्राऊझर चालायचे. एक निळ्या ई चा, तो कॉम्प्युटरबरोबरच यायचा, आणि एक कोल्ह्याच्या चित्राचा, तो आपण वेगळा उतरवून घ्यायचा. माझी उलटी मोजणी कोल्ह्याला कळायची. निळ्याला काउंटर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्याच्यात नावं बरोबर दिसायची आणि नंबरच्या जागी काहीच नाही. म्हणून मी गजाननरावांच्या कॉम्प्युटरवर कोल्हा टाकून दिला होता आणि निकाल यातच बघा असं दोनदा सांगितलं होतं. त्यांनी तो काढून टाकला. सरकारी पत्रव्यवहाराच्या मशीनवर कोल्हा बरा दिसत नाही म्हणाले.

कार्यक्रमासाठी त्यांनी यादी निळ्यात उघडली. नंबर नाहीत. मास्तर विसरला, असं त्यांनी ठरवलं, नावं उचलून वर्डमध्ये टाकली आणि नंबरचं बटण दाबलं. वर्डनं प्रामाणिकपणे वरून एक, दोन, तीन टाकले. यशराज एक नंबर. सुनीता राठोड अकरा. गजाननरावांना यात वावगं काही दिसलं नाही. उलट त्यांना ते अगदी नैसर्गिक वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आधी वेबसाईटचं उद्घाटन झालं. मॉनिटरला हार घातला, कुंकू लावलं, आणि भाऊसाहेबांनी टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. पाणी माझ्या कीबोर्डमध्ये गेलं. टाळ्या झाल्या. कीबोर्ड उलटा करून झटकत मी स्टेजच्या बाजूला उभा होतो, तेवढ्यात गजाननरावांनी एक चारोळी म्हटली आणि पुकारलं: अकरावा क्रमांक, कुमारी सुनीता रामधन राठोड.

पोरगी उठलीच नाही. तिला वाटलं असावं दुसरी कुणी. दुसऱ्यांदा पुकारल्यावर तिच्या बाईंनी तिला पुढं ढकललं. ती आली, कंपासपेटी घेतली, फोटोवाल्यानं फोटो काढला नाही. मंडपाच्या मागं बांबूला धरून रामधन उभा होता. त्यानं स्टेजकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मी सरळ जाऊन गजाननरावांचा हात धरला आणि कानात सांगितलं की यादी उलटी झालीय, ही पहिली आहे, तुमचा पहिला तो अकरावा आहे, थांबवा.

गजाननराव मूर्ख नव्हते. त्यांनी कागदाकडं बघितलं, भाऊसाहेबांकडं बघितलं, परत कागदाकडं बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग ते माईकवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, ही चूक दुरुस्त करायची म्हणजे अध्यक्षांचा पुतण्या अकरावा हाय हे मी माईकवर बोलायचं. माझी पेन्शन राहिलीय अजून." आणि त्यांनी दहावा क्रमांक पुकारला.

शेवटी यशराज एक नंबर आला. बँडवाल्यांनी वाजवलं. सायकलीला झेंडूचा हार होता. भाऊसाहेबांनी पोराला जवळ घेऊन दोन शब्द बोलायला लावले. यशराज गोल चेहऱ्याचा, जरा झोपाळू पोरगा. तो माईकमध्ये म्हणाला, "मी अकरावा हाय, काका. मला लई प्रश्न आलेच न्हाईत." गजाननराव पुढं सरसावले आणि म्हणाले, पहिला येऊनही काय हा विनय, याला म्हणतात संस्कार. मग ज्या टाळ्या पडल्या तशा मी हिंगोलीत आजवर ऐकल्या नाहीत. भाऊसाहेबांनी डोळे पुसले. सगळ्या मंडपात खरं बोललेलं एकच लेकरू, आणि त्याचीही स्तुती करून तोंड बंद केलं.

पेपरात फोटो आला. पण साईटवर मात्र वर अकरावा यशराज आणि तळाला पहिली सुनीता, जसं होतं तसंच. भाऊसाहेबांच्या विरोधातल्या मंडळींनी ते पान कोल्ह्यात उघडून छापलं आणि चहाच्या टपऱ्यांवर वाटलं. तेव्हा मला वाड्यावर बोलावणं आलं. साईट चुकलीय, दुरुस्त करा, असा हुकूम झाला. मी म्हणालो, साईट बरोबर आहे, कार्यक्रम चुकला. भाऊसाहेबांना माझी कीव आली. ते म्हणाले, एवढ्या लोकांपुढं झालेला कार्यक्रम चुकीचा कसा असंल, मास्तर? यादी बदलता येते, झालेला सत्कार बदलता येतो का? मी साफ नाही म्हणालो. तुमच्या संस्थेचं पुढचं काम गेलं तर गेलं, असंही म्हणून आलो, आणि डेपोपर्यंत चालत येताना त्या कामाचे किती पैसे बुडाले ते बोटांवर मोजत आलो, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी रामधन पोरीला घेऊन दुकानात आला. भांडायला आला नव्हता. म्हणाला, साहेबाला एकदा विचारून बघावं म्हणतो, तुमी संगं येता का? मी दुकानाचं शटर ओढलं आणि निघालो.

भाऊसाहेबांच्या ओसरीत सायकल उभी होती. हार तसाच, वाळलेला. सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. यशराज शाळेत जीपनं जायचा. भाऊसाहेबांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. टपऱ्यांवरच्या त्या कागदांनी त्यांची झोप उडवली होती, हे दिसत होतं. रामधननं हात जोडून सगळं सांगितलं: ऊसतोड, आजी, साखरा, गाडी नाही. ऐकून घेऊन भाऊसाहेबांनी बराच विचार केला आणि तोडगा काढला. तो तोडगा काढताना त्यांना स्वतःच्या उदारपणानं भरून आलं. म्हणाले, ठीक हाय, मास्तरचंच खरं धरू. साईटला हात लावत न्हाई. सगळ्या जगात तुझ्या पोरीचा एक नंबर राहील, अमेरिकेत बसून बघितलं तरी एक नंबर. सायकल तेवढी यशराजकडं राहू द्या, फोटो आलेला हाय.

आणि इथं मला माझी लाज वाटते ती अशी की मला ते ऐकून बरं वाटलं. माझी मोजणी शाबूत राहणार होती. देवनागरी आकडे, बारापासून एक एक वजा होत उतरणारे. मी रामधनकडं बघून मान हलवायच्या बेतात होतो.

सुनीता तोवर सायकलीकडं बघत होती. ती म्हणाली, "जगातला नंबर यशराजला देऊन टाका, साहेब. मला सायकल द्या. साखऱ्याची शाळा जगात न्हाई, आमच्या तांड्यापून पाच किलोमीटरवर हाय."

रामधननं तिचा हात दाबला. भाऊसाहेब तिच्याकडं बघतच राहिले. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. नंबर पुतण्याचा, जगभर पुतण्याचा, विरोधकांच्या कागदांची रद्दी, आणि बदल्यात जायचं काय तर ओसरीत अडचण करून राहिलेली एक सायकल. असा सौदा त्यांना उभ्या राजकारणात कुणी दिला नव्हता. त्यांनी मला विचारलं, जमंल का हे, मास्तर? मी म्हणालो, एका ओळीचं काम आहे.

त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसलो. बाराच्या जागी शून्य लिहिलं, वजाची खूण काढली, साठवलं. वरचा यशराज एक झाला, तळाची सुनीता अकरा झाली. इतकी सुबक मोडतोड मी आयुष्यात केली नाही, आणि इतक्या खुशीनंही नाही. भाऊसाहेब खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांच्या मशीनवर निळा ई होता, त्यामुळं नावांपुढं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, कुठं हाय एक नंबर? मी म्हणालो, इथं नाही दिसत, भाऊसाहेब, जगात दिसतो. ते समाधानानं मागं सरकले.

ओसरीत यशराजनं हार काढून ठेवला होता आणि पंप मारत होता. मागचा ब्रेक ढिल्ला आहे, उतारावर पुढचाच दाब, असं त्यानं सुनीताला समजावून सांगितलं. सीट तिला उंच होत होती, पाय पायडलला नीट टेकत नव्हते. रामधननं कॅरिअर धरलं आणि दोघं फाटकातून बाहेर पडले.

पुढं संस्थेनं साईटच्या नावाची वर्षाची फी भरली नाही, त्यामुळं ते पान कधी गेलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मीही विसरलो होतो. काही वर्षांनी कामानिमित्त साखऱ्याकडं गेलो होतो तेव्हा रस्त्यात एक पोरगं सायकलला दुधाची किटली अडकवून चाललेलं दिसलं. रंग उडालेला, तरी ती सायकल मी ओळखली. थांबवून विचारलं, तर सुनीताचा धाकटा भाऊ. ती नांदेडला नर्सिंग शिकत होती. मी त्याला विचारलं, तुझ्या बहिणीचा त्या स्पर्धेत कितवा नंबर आला होता माहीत आहे का? त्यानं जरा आठवून बघितलं.

"नंबर माहीत न्हाई," तो म्हणाला. "सायकल भेटली व्हती."